पान उलटून बघ

आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे एक गंजकं लोखंडी कपाट आहे. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत ते उघडलं आणि आतला ऐवज जमिनीवर मांडला. कडुनिंबाच्या तेलाच्या दोन बाटल्या, दोन्ही अर्धवट. एप्सम सॉल्टचा पुडा, ओल लागून दगड झालेला. पाण्यात विरघळणारं गंधक. १९:१९:१९ या मिश्र खताची पिशवी. मॅन्कोझेब या बुरशीनाशकाची पिवळसर पावडर. मुदत टळून दोन वर्षं झालेलं ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीवर सोडायची मित्रबुरशी. वर्तमानपत्राच्या पुडीत मोरचूद. ह्युमिक ॲसिड, ते कशासाठी आणलं होतं देव जाणे. सूक्ष्म अन्नद्रव्यांचा एक डबा. चिलेटेड लोह. आणि लेबल गळून गेलेली एक तपकिरी बाटली, जिचं झाकण उघडून वास घ्यायचंही मला धाडस झालं नाही.

एवढं सगळं चौदा टोमॅटोच्या झाडांसाठी. घरातल्या चार माणसांच्या औषधांचा डबा याच्या निम्मासुद्धा नाही.

मांडून बसले आणि एकेक आठवत गेलं. प्रत्येक पुडीमागे एक पान होतं. कुठलं पिवळं पडलेलं, कुठलं ठिपके आलेलं, कुठलं आकसून मुठीसारखं झालेलं. दर वेळी मी पान पाहिलं, पोटात गोळा आला, आणि संध्याकाळी ऑफिसातून येताना दुकान गाठलं. दुकानदार विचारायचा, "काय झालंय?" मी सांगायचे, "पानं खराब झालीत." तेवढ्यावर तो फडताळाकडे हात करायचा. दवाखान्यात जाऊन "बरं वाटत नाही" एवढंच सांगावं आणि डॉक्टरांनी सलाईन लावावं, त्यातलाच प्रकार.

माझे मामा नारायणगावजवळ टोमॅटो करतात. तार-बांबूवर दोन एकर, तीसेक वर्षांपासून. वीस किलोच्या क्रेटला काय भाव मिळाला यावर त्यांच्या घरातलं वातावरण ठरतं. मी गच्चीवर टोमॅटो लावलाय म्हटल्यावर ते आधी मनसोक्त हसले. मग पहिल्या वर्षी मी त्यांना एक फोटो पाठवला, खाली "मामा, हे काय झालंय?" असं लिहून. त्यांचा फोनच आला.

"वरून काढलायस फोटो. पान उलटून दाखव की."

मी उलटून दाखवलं. मग प्रश्न सुरू झाले. खालचं पान का शेंड्याचं? एकच झाड का समदी? कधीपासनं? आणि शेवटचा, ज्याला उत्तर देताना मी अडखळले: "तू आधी काय काय मारलंस?"

मामांच्या त्या चार प्रश्नांपलीकडे फारसं काही मी आजतागायत शिकलेली नाही. पण ते विचारायची सवय लागायला तीन हंगाम आणि अकरा पुड्या गेल्या.

पहिला फोटो पिवळ्या पानाचा होता. शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी. मला वाचून कळलं होतं की हे लोह कमी पडल्याचं लक्षण, म्हणून चिलेटेड लोह आणून घातलं. फरक नाही. मग दुसरीकडे वाचलं की हे मॅग्नेशियमचं, म्हणून एप्सम सॉल्ट. दोन्ही वाचन खरंच होतं. मी फक्त पान झाडावर कुठे आहे ते बघितलं नव्हतं.

मामांनी ते असं समजावलं. "तुमच्या घरी दूध कमी पडलं तर पहिला कोरा चहा कोण पितं?"

"आई," मी म्हटलं. सासूबाई समोरच बसल्या होत्या, त्यांनी मान हलवली.

"मग झाडाचं तसंच. नत्र, पालाश, मॅग्नेशियम ह्ये फिरतं असतंय. कमी पडलं की झाड म्हाताऱ्या पानातनं काढून कोवळ्या पानाला देतं. म्हनून खालचं पान आधी पिवळं. आन लोह, कॅल्शियम एकदा ज्या पानात बसलं तितंच बसलं, हलत नाय. ते कमी पडलं की शेंडा बोंबलतो."

स्फुरदही त्या फिरत्यांतच, पण ते कमी पडल्याचं पिवळेपणावरून नाही, पानाच्या पाठीवरच्या जांभळट छटेवरून कळतं. थंडीत मुळांना ते ओढता येत नाही, म्हणून डिसेंबरात जांभळी पाठ दिसली तरी धीर धरावा. पालाश कमी पडला की पानाच्या कडा करपतात, चपाती तव्यावर कडेने जळते तशा. आणि कॅल्शियमचा त्रास पानापेक्षा फळाच्या बुडाशी लवकर दिसतो, काळा चपटा डाग पडतो. खत कमी असल्यापेक्षा पाणी कधी जास्त कधी कमी दिल्यानेच तो बहुतेक वेळा येतो.

माझी पिवळी पानं खालचीच होती. म्हणजे लोहाचा काही संबंध नव्हता. पण मामांचं समाधान झालं नाही. म्हणाले, "मातीत बोट घाल. दोन पेरं." घातलं. माती थंड, चिकट, आणि बोटाला कुजकट वास. रंगाच्या ज्या वीस लिटरच्या डब्यात झाड लावलं होतं त्याची भोकं मुळांनी आणि गाळाने बुजली होती. मुळं पाण्यात गुदमरत होती, म्हणून जे होतं तेही त्यांना घेता येत नव्हतं. मी उपाशी समजून ज्याला दोन प्रकारचं जेवण वाढलं, त्याचं नाक चोंदलेलं होतं. जुना स्क्रू-ड्रायव्हर तापवून सहा नवी भोकं पाडली. पिवळी पानं पुन्हा हिरवी झाली नाहीत, ती होतही नाहीत, पण नवी पिवळी पडायची थांबली.

त्याच पावसाळ्यात करपा आला.

करप्याचा ठिपका एकदा हातात घेऊन बघण्यासारखा असतो. लवकर येणारा करपा म्हणतात तो. काळपट तपकिरी डाग, आणि त्यात एकात एक वलयं, विहिरीत खडा टाकल्यावर उठतात तशी. भोवती पिवळी झाक. डागाची जागा इतकी वाळलेली असते की चिमटीत धरली तर तंबाखूच्या भुकटीसारखी चुरते. हाच डाग बारीक, मध्यभागी राखाडी आणि त्यात टाचणीच्या टोकाएवढे काळे कण असे दिसले, तर तो सेप्टोरिया, वेगळी बुरशी. घरच्या बागेत दोघांचं पथ्यपाणी सारखंच, त्यामुळे त्या फरकावर मी फार डोकं चालवत नाही.

दोन्ही खालून वर चढतात. ही बुरशी मागच्या पिकाच्या पाल्यात आणि मातीत टिकून राहते. थेंब मातीवर आपटतो, शिंतोडा उडतो, सगळ्यात खालच्या पानावर बसतो. पान काही तास ओलं राहिलं की काम झालं. आता सांगायला लाज वाटते, पण संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर पाइपने झाडांना वरून आंघोळ घालायची हा माझा दिवसातला सगळ्यात लाडका उद्योग होता. पानं चकचकीत व्हायची, मातीचा वास सुटायचा, मला वाटायचं झाडं माझ्यावर खूश आहेत. झाडं रात्रभर ओली राहायची. करप्याची सगळी सोय मी रोज साडेसात वाजता जातीने करत होते.

तेव्हा पहिला इलाज पाइप बंद. पाणी सकाळी, बुडाशी, मगाने. दुसरा, कात्रीने खालची हातभर पानं काढून टाकायची, ती खताच्या ढिगात न टाकता कचऱ्याच्या गाडीत. तिसरा, माती झाकायची. मी हौसेने कोपऱ्यावरच्या रसवंतीतून उसाची चिपाडं आणली. गोडव्याने आठ दिवस गच्चीवर मुंग्यांचं अखिल भारतीय अधिवेशन भरलं आणि खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन बघून गेल्या. तेव्हापासून सुकलेला पालापाचोळाच.

एवढं करूनही पाऊस लागून राहिला तर बोर्डो मिश्रण. मोरचूद आणि चुना, बस्स. याची गोष्ट मला फार आवडते. फ्रान्समध्ये मेडॉक भागात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर बागाईतदार हे निळसर मिश्रण शिंपडायचे, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी घड तोडू नयेत म्हणून. १८८२ साली केवडा नावाच्या बुरशीच्या रोगाने बागाच्या बागा पानं गाळत होत्या. बोर्डोच्या विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांच्या लक्षात आलं की रस्त्याकडच्या वेली तेवढ्या हिरव्या आहेत. १८८५ मध्ये त्यांनी कृती प्रसिद्ध केली. चोरासाठी लावलेलं कुलूप बुरशीला लागलं, आणि आपल्या नाशिकच्या द्राक्षबागांतही ते अजून वापरात आहे.

एक टक्का म्हणजे लिटरला दहा ग्रॅम मोरचूद, दहा ग्रॅम कळीचा चुना. अर्ध्या पाण्यात मोरचूद, अर्ध्यात चुना भिजवून निवलेला, दोन्ही प्लॅस्टिकच्या भांड्यात, धातूच्या नाही. मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओतायचं, काडीने ढवळत. तेव्हा जो निळा रंग येतो तो शरदातल्या आकाशाचा, त्याच्यासाठीसुद्धा एकदा करून बघावं. मग त्यात कोयत्याचं घासलेलं पातं मिनिटभर बुडवायचं. पात्यावर तांबूस थर चढला तर मिश्रण आम्ल आहे, पानं जाळेल, आणखी चुना घालायचा. केलेलं त्याच दिवशी संपवायचं. आणि दर आठवड्याला मारायची ही गोष्ट नव्हे, तांबं मातीत साठत जातं.

मामा म्हणतात, बोर्डो म्हणजे छत्री. भिजल्यावर उघडून काय फायदा? डाग पडलेलं पान त्याने बरं होत नाही, पुढच्या पानावर बुरशी रुजत नाही एवढंच. हे कळेपर्यंत मी डागांवर नेम धरून फवारत होते.

मॅन्कोझेब मी आता वापरत नाही. शेतावर हिशेबाने मारतात, काढणीआधी किती दिवस थांबायचं ते पाळतात. आमच्याकडे शेजारची पोरं गच्चीवर येऊन झाडावरचाच टोमॅटो फ्रॉकला पुसून तोंडात टाकतात. कडुनिंबाचं तेल ठेवलंय, पण तेही जपून. एकदा भर अकरा वाजता, भांड्यांचा लिक्विड साबण सढळ हाताने घालून मारलं होतं. संध्याकाळपर्यंत पानांवर जे चट्टे उठले त्याचा फोटो मी मामांना पाठवला नाही. चौथ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला लागलं असतं.

उशिरा येणारा करपा माझ्या गच्चीवर सुदैवाने आलेला नाही. मामांच्या रानात आला होता, ढगाळ, थंड, धुक्याच्या आठवड्यात. "सांजच्याला हिरवं होतं, दोन दिवसांनी उकळतं पाणी वतल्यागत." पानावर पाणी शोषल्यासारखे मोठे डाग आणि पहाटे पाठीवर पांढरी लव. १८४५ पासून आयर्लंडात बटाटा कुजवून लाखो माणसं उपाशी मारणारा तो हाच. टोमॅटो बटाट्याचा भाऊबंद, त्यामुळे त्यालाही सोडत नाही. दिसला की घरच्या बागेत एकच करायचं, झाड उपटून पिशवीत बांधायचं, शेजारच्याचा विचार करून.

पण माझी खरी फजिती झाली ती पानं आकसण्यावरून.

टोमॅटोचं पान आकसलं की गावाकडे एकच शब्द येतो, बोकड्या. शेंड्याची पानं बारीक होतात, कडा वर वळतात, पिवळट पडतात, पेरं जवळजवळ येऊन झाड झुडपासारखं खुजं राहतं. फूल येतं, फळ धरत नाही. हा विषाणू, आणि त्याला वाहून आणते पांढरी माशी. पान हलवलं की पाठीवरून पीठ उडाल्यासारखं होतं, तीच. विषाणू झाडात शिरला की औषध नाही. अगदी लहानपणी लागण झालेलं रोप हंगामभर नुसतं उभं राहतं. म्हणून खरा बचाव रोपवाटिकेतच, बारीक जाळीच्या आत, आणि नंतर पिवळे चिकट सापळे. पांढऱ्या माशीला पिवळ्याचं वेड आहे. मी मिठाईच्या खोक्यावर पिवळा कागद चिकटवून एरंडेल चोपडते, दुकानातल्या सापळ्याइतकंच चालतं.

हे सगळं मला दुसऱ्या वर्षी पाठ होतं. अर्धवट ज्ञानाचा तो उत्तम काळ. जानेवारीत एके सकाळी वर गेले तर सगळ्या झाडांचे शेंडे वाकडे. पानं अरुंद, नेच्याच्या पानासारखी, काही तर दोऱ्यासारखी झालेली, देठ गोल वळलेले. मी ताबडतोब निदान केलं: बोकड्या. विषाणूला दयामाया नाही हेही पाठ होतं. डोळ्यांत पाणी आणून नऊ झाडं उपटली, काळ्या पिशव्यांत भरली, तोंडं सुतळीने बांधली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, एकदा मामांना विचार तरी." मी म्हटलं, आता काय विचारायचं, उघड दिसतंय.

रात्री मामांना सांगितलं, जरा शाबासकीच्या अपेक्षेने. पलीकडे शांतता.

"समदी झाडं एकाच दिशी आजारी पडली?"

"हो."

"आन दुसरं काय वाकडं झालंय का? मिरची, घेवडा?"

टॉर्च घेऊन वर गेले. घेवड्याचे शेंडे वळलेले होते. मिरचीची पानं पेल्यासारखी झाली होती. गवती चहा आणि कुंडीतला मका मात्र ताठ.

"रोग असा रांगेत उभा राहून येत नाय, पोरी. एक धरतो, मग शेजारचं, मग पल्याडचं. एका दिशी समद्यांना झालं म्हंजे कुणीतरी वाटलंय. पंप कुणाचा होता?"

पंप सोसायटीचा होता. आदल्याच आठवड्यात मी तो मागून आणून निंबोळी अर्क फवारला होता. त्याआधी त्या पंपातून पार्किंगच्या फरशांमधल्या गवताशेजारच्या रुंद पानांच्या तणावर टू-फोर-डी हे तणनाशक मारलं होतं, आणि नंतर पंप नुसता पाण्याने विसळला होता. टू-फोर-डी हे झाडाच्याच वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करतं. रुंद पानाचं झाड फसतं आणि वेड्यासारखं वाढत वाढत वाकडं होतं. मक्यासारखी गवतकुळातली झाडं तगून जातात. ऊसवाले आणि गहूवाले म्हणून ते वापरतात. आणि टोमॅटो त्याला इतका हळवा की टाकीच्या तळाशी राहिलेला अंशसुद्धा पुरतो. तणनाशकाचा पंप वेगळाच असावा लागतो, हे मामांच्या वाडीतल्या शाळकरी पोराला माहीत आहे.

पाच झाडं उरली होती ती केवळ पिशव्या संपल्या म्हणून. त्यातलं टाकीमागचं एक मी फेब्रुवारीअखेर पाहिलं. वाकड्या शेंड्याच्या वर हातभर सरळ वाढ झाली होती, पानं रुंद, नेहमीसारखी, आणि दोन घोस धरलेले. बाकीची चारही हळूहळू सावरली. म्हणजे ती नऊही सावरली असती. मी त्या दोन घोसांपुढे बराच वेळ उकिडवी बसून होते.

आणि गंमत अशी की आकसण्याचा तिसरा प्रकार तर आजारच नसतो. एप्रिलच्या उन्हात टोमॅटोची खालची पानं लांबीने गुंडाळतात, विड्याच्या पानाची सुरळी करावी तशी, आणि जाड, चामड्यासारखी लागतात. रंग हिरवागार, शेंडा ठणठणीत. झाड ऊन चुकवतंय, दुसरं काही नाही. फांद्या फार छाटल्या तरी असं होतं. त्याला काहीही करायचं नसतं, आणि काहीही न करणं हे माझ्यासाठी बोर्डो बनवण्यापेक्षा अवघड आहे.

विषाणूवरून २०२० चा उन्हाळा आठवतो. टाळेबंदी, बाजार अर्धे बंद, आणि जुन्नर, संगमनेर, अकोले तालुक्यांतल्या टोमॅटोवर काहीतरी भलतंच आलं. फळ सगळीकडून सारखं पिकेना, लाल-पिवळे-हिरवट पट्टे. शेतकऱ्यांनी त्याला तिरंगा म्हटलं. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने तपासलेल्या नमुन्यांत मुख्यतः काकडीवरच्या मोझॅकचा विषाणू निघाला, मावा कीड वाहून नेते तो. पण तोवर मोबाइलवरून आणि बातम्यांतून टोमॅटोच्या व्हायरसचं नाव करोनाशी जोडलं गेलं होतं. झाडाचा विषाणू माणसाला होत नाही. तेव्हा हे ऐकायला कुणाला सवड नव्हती, लोक टोमॅटो घ्यायलाच घाबरले. मामांनी त्या वर्षी तोडणीची मजुरी निघेना म्हणून मेंढरं सोडली रानात. त्यांनी फोनवर सांगितलं ते एका वाक्यात, आणि मग माझ्या मिरचीची चौकशी केली.

आमच्या सोसायटीचे माळीकाका तळहातावर तंबाखू मळतात आणि त्याच हाताने शेंडे खुडतात. त्यांना मी हळूच साबण देते. तंबाखूच्या मोझॅकचा विषाणू वाळलेल्या तंबाखूतही टिकून राहतो आणि बोटांवरून टोमॅटोत जातो. काकांना वाटतं मला वासाचा त्रास होतो. तसंच राहू दिलंय.

नागअळीबद्दल मला उगाच माया आहे. पानाच्या आत, वरच्या आणि खालच्या पापुद्र्यांमधून ती वाट कोरत जाते, पांढरी नागमोडी रेघ, सुरुवातीला सुतासारखी आणि पुढे अळी वाढेल तशी रुंद. रेघेच्या रुंद टोकाला उजेडासमोर धरलं तर अळी बसलेली दिसते. चार-दोन पानांवर असली तर झाडाला काही होत नाही. रेघेऐवजी फोड आल्यासारखा पसरट पारदर्शक चट्टा दिसला आणि फळालाही छिद्रं असली तर मात्र हसण्यावारी नेऊ नये. ती टुटा, दक्षिण अमेरिकेतली पाहुणी, २०१४ साली भारतात पहिल्यांदा सापडली ती आपल्या महाराष्ट्रातच.

सावंतवाडीला नणंदेकडे एकदा मर पाहिली. तिची झाडं हिरवीगार असताना दुपारी माना टाकायची, रात्री सावरायची, चौथ्या दिवशी सावरलीच नाहीत. पान पिवळं नाही, डाग नाही. ती रोज पाणी वाढवत होती. आम्ही एका झाडाची बुडाजवळची वीतभर काडी तिरपी कापली आणि काचेच्या पेल्यात पाणी घेऊन तिचं टोक पाण्यात टेकेल अशी धरली. हात हलू न देता. दोन मिनिटं काही नाही. मग कापलेल्या टोकातून पांढरट धागा सुटला, दुधाचा थेंब पाण्यात पडावा तसा, सरळ खाली तळापर्यंत. मग दुसरा. जिवाणूंची ती लाळ, झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या तिनेच तुंबलेल्या असतात. नणंद म्हणाली, "म्हणजे आतून तुंबलंय आणि मी वरून ओततेय." कोकण-गोव्याच्या आम्ल, ओल्या मातीत हा जिवाणू घर करून असतो. औषध नाही. त्या वाफ्यात काही वर्षं टोमॅटो, वांगी, मिरची लावायची नाहीत. किंवा बंगळूरच्याच संस्थेचं अर्का रक्षक लावून बघायचं, ते मर, बोकड्याचा विषाणू आणि लवकर येणारा करपा तिघांनाही तोंड देतं. आता ती तिथे भेंडी करते.

या सगळ्यात कामाची खरेदी एकच झाली. दीडशे रुपयांची काच, दहा पट मोठं दाखवणारी, घड्याळजी डोळ्याला लावतात तसली. ती मी कपाटात ठेवत नाही, दाराच्या खिळ्याला दोऱ्याने टांगून ठेवली आहे. पानाच्या पाठीवर ती धरली की तिथे आपल्याला न विचारता केवढं गाव वसलंय ते दिसतं. अंडी, कातड्या, पंख नसलेले, पंख असलेले, आणि कुणालातरी खाणारं कुणीतरी.

यंदा होळीनंतर मामांचा फोन आला. एका डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसरा अजून व्हायचा. "इकडं येणार असशील तर तुझी ती काच घिऊन ये."

गेले. उन्हाळी प्लॉट, कमरेएवढा. रस्त्याकडच्या दोन सऱ्यांची पानं वरून धुळीने माखल्यासारखी, पण पुसली तरी जाईनात. बारीक बारीक फिके ठिपके आणि त्यावर तांबूस झाक. मामेभावाने त्या सकाळीच दुकानातून फुलकिड्यांच्या औषधाची बाटली आणली होती, पंपात पाणी भरत होता. मामा बांधावर बसले होते. मला म्हणाले, "मला दिसत नाय. तू बघ."

मी खालचं पान खुडलं, उलटलं. पाठीवर शिरांच्या बेचक्यात अगदी तलम जाळं, उजेडात धरल्याशिवाय न दिसणारं. काच लावली. जाळ्यात गोल, पारदर्शक अंडी आणि त्यांच्यामधून चालणारे तांबडे ठिपके. पाय मोजायचा प्रयत्न केला. आठ. पर्समध्ये कुणाच्यातरी लग्नाची पत्रिका होती, तिची कोरी बाजू पानाखाली धरून टिचकी मारली. धुळीचे कण पडले आणि मग त्यातले काही चालायला लागले. बोट फिरवलं, तांबूस रेघ उमटली.

"लाल कोळी आहे मामा. फुलकिडे नाहीत."

"किती?"

"एका पानावर तीस-चाळीस."

"आतल्या सऱ्यांत?"

आत गेले. पाच सऱ्या बघितल्या, दर सरीत तीन ठिकाणी, खालचं पान, मधलं पान. चौथ्या सरीपासून पुढे पानं स्वच्छ होती. एका पानावर तर कोळ्यांना खाणारा एक बारका काळा किडाही वाटला, पण तो पळाला.

मामांनी ऐकून घेतलं. कोळी हा किडा नव्हे, आठ पायांची वेगळीच जात. किड्यांच्या औषधाने तो बहुधा मरत नाही, त्याला खाणारे मात्र मरतात आणि मग तो दुप्पट होतो. हे मला त्यांनीच केव्हातरी सांगितलेलं. त्यांनी मुलाला हाक मारली.

"नुसतं पानी मार त्या दोन सऱ्यांना, जोरात, पानाच्या पाठीवर. चार दिस रोज. मग गंधकाचं बघू, ऊन उतरल्यावर. आन ती बाटली दुकानात परत देऊन ये."

मामेभावाने पंप खाली ठेवला, बाटली उचलली आणि माझ्याकडे बघत राहिला. सील तुटलेलं होतं.